निकियास (चित्रकार)

निकियास हा इ.स.पू. चौथ्या शतकातील अथेन्सचा ग्रीक चित्रकार होता. तप्त मेणात रंग मिसळून चित्रे काढण्याच्या 'एन्कॉस्टिक' पद्धतीच्या अग्रगण्य कलावंतांत त्याची गणना होते. त्याचे एकही मूळ चित्र आज उपलब्ध नाही. त्याच्याविषयीची माहिती मुख्यतः थोरला प्लिनी, प्लुटार्क आणि पॉसेनियस या नंतरच्या लेखकांकडून मिळते.

जीवन

निकियासच्या वडिलांचे नाव निकोमिडीझ होते. युफ्रॅनॉरचा शिष्य अँटिडोटस हा त्याचा गुरू. शिल्पकार प्रॅक्सिटेलीझ आपल्या संगमरवरी मूर्ती रंगवण्याचे काम निकियासकडे देई आणि त्याचा हात फिरलेल्या मूर्तीच त्याला सर्वाधिक आवडत, असे प्लिनी नोंदवतो. ग्रीक मूर्ती पांढऱ्याशुभ्र असत ही समजूत किती अपुरी आहे, हेही यावरून कळते.

चित्र काढताना आपण जेवलो की नाही याचेही त्याला भान नसे. तो नोकरांना विचारी, अशी आख्यायिका प्लुटार्कने दिली आहे.

तंत्र आणि अक्षरलेखन

एन्कॉस्टिक या ग्रीक शब्दाचा अर्थ 'आत जाळून बसवलेले' असा आहे. मेण थिजण्यापूर्वी रंग लावावा लागे आणि तापवलेल्या धातूच्या हत्याराने तो सारखा करावा लागे. मेणाचा थर जाड असल्याने पृष्ठभागावर उंचवटे राहतात. इजिप्तमधील फायूम येथे सापडलेल्या इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील व्यक्तिचित्रांवर ते आजही दिसतात. निकियासच्या आकृती फलकातून उठून पुढे आल्यासारख्या भासत, अशी त्याची ख्याती होती. मात्र त्याचे श्रेय प्लिनी छायाप्रकाशाच्या हाताळणीला देतो, मेणाच्या जाडीला नव्हे.

सिंहावर बसलेल्या नेमियाच्या चित्रावर निकियासने, आपण ते जाळून बसवले, असे शब्द लिहिले होते. चित्रकाराने 'रंगवले' असे लिहिण्याऐवजी तंत्राचेच क्रियापद वापरावे, ही बाब लक्षणीय आहे. एजिनाच्या लायसिपसनेही आपल्या चित्रावर तेच क्रियापद लिहिले होते. चित्र नष्ट झाले तरी त्यावरील हा मजकूर प्लिनीच्या नोंदीमुळे टिकला, आणि निकियास मेणात काम करीत असे याचा तोच सर्वांत थेट पुरावा ठरतो.

पिरेयस बंदरातील आगीत मडक्यांमधील सफेदा भाजला जाऊन एक नवा रंग योगायोगाने हाती लागला. तो प्रथम निकियासने वापरला, असे प्लिनी सांगतो. सफेदा तापवल्यास शेंदूर तयार होतो. हा रंग त्याच जातीचा असावा.

चित्रे

स्त्रियांची चित्रे आणि प्राण्यांपैकी कुत्रे यांत त्याचा विशेष हातखंडा होता. तरीही चित्रकाराने पक्षी-फुलांत न रमता अश्वदळाच्या व आरमारी लढायांसारखे भव्य विषय निवडावेत, असे त्याचे मत होते. अँड्रोमेडा, आयो, कॅलिप्सो आणि हायसिंथस ही त्याची गाजलेली चित्रे.

'ओडिसी' महाकाव्यात ओडिसियस मृतात्म्यांना आवाहन करतो, त्या प्रसंगाचे चित्र सर्वाधिक चर्चिले गेले. त्यासाठी एका राजाने ६० टॅलेंट देऊ केले. एक अ‍ॅटिक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. म्हणजे ही रक्कम दीड टनाहून अधिक चांदीची होते. निकियासने ती नाकारली. प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे हा राजा ॲटलस होता आणि निकियासने चित्र आपल्या नगरीला भेट दिले. प्लुटार्क मात्र टॉलेमीचे नाव घेतो. ॲटलस राजे पुढच्या शतकातले असल्याने प्लुटार्कचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

इतर चित्रांना मायदेश लाभला नाही. नेमियाचे चित्र आशियातून रोमला नेण्यात आले व ऑगस्टसने ते सिनेटच्या सभागृहात लावले. अलेक्झांड्रिया जिंकल्यावर त्याने हायसिंथसचे चित्रही सोबत नेले. पुढे टायबीरियसने ते ऑगस्टसच्या मंदिराला अर्पण केले.

रोममधील पॅलाटाइन टेकडीवरील लिव्हियाच्या घरातील आयोचे भित्तिचित्र आणि पाँपेईतील पर्सियस-अँड्रोमेडाची चित्रे निकियासच्या मूळ कृतींवर आधारित असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ती भिंतीच्या गिलाव्यावरील असल्याने मेणाच्या पोताची कल्पना त्यांवरून येत नाही.

समाधी

अकादमीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अथेन्सच्या मान्यवरांच्या समाध्या होत्या. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियसने त्यांची नोंद केली, तीत निकोमिडीझचा पुत्र निकियास याचे नाव आहे.