बाळू पालवणकर : एका पराभवाचे मोल

२६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानो या तरुण मुष्टियोद्ध्याने जो लुईला आठव्या फेरीत धूळ चारली. लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता. १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षे जगज्जेतेपद भूषवून निवृत्त झालेला हा पुरुष थकलेल्या आयकराच्या ओझ्यापायी पुन्हा रिंगणात उतरला होता. मार्सियानोच्या नावावर विजय जमा झाला, परंतु त्याचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न क्रीडारसिकांना तेव्हापासून पडत आला आहे. हरलेला माणूस लुई होता म्हणून तो विजय मोठा मानावा, की तो पूर्वीचा लुई उरला नव्हता म्हणून लहान?

लुई जगज्जेता झाला त्याच १९३७ साली मुंबईच्या गिरणगावात असाच एक सामना झाला होता. तो मुष्टियुद्धाचा नव्हता, निवडणुकीचा होता. मुंबई प्रांतिक विधानसभेच्या त्या निवडणुकीत भायखळा-परळ या मतदारसंघातील राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केलेले उमेदवार होते बाळू पालवणकर, एके काळचे हिंदुस्थानातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज. डॉ. आंबेडकरांचे वय ४५, पालवणकरांचे साठीच्या घरात. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, पालवणकरांना ११,२२५. लालबाग-परळच्या चाळींतून आज डॉ. आंबेडकरांच्या त्या विजयाचे स्मरण क्वचित होते. हरलेल्या उमेदवाराचे तर होतच नाही. त्या विजयाचे मोल करायचे, तर प्रथम हरलेल्या माणसाचे मोल करावे लागेल.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, चर्मकार समाजातले. वडील लष्करात शिपाई होते. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडचा. पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि तिची निगा राखण्याचे काम त्यांना दरमहा तीन रुपयांवर मिळाले. पुढे ते युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे सरावासाठी साहेबांना गोलंदाजी करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या नामांकित फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी मंदगती फिरकी घडत गेली. त्या क्लबात त्यांच्या हाती चेंडू नित्य असे. बॅट मात्र कधी कोणी दिली नाही.

त्यांची कीर्ती पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेली, तेव्हा त्यांना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर युरोपियनांना हरविण्याची निकड सोवळ्याओवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली. मात्र ही सवलत मैदानापुरतीच होती. चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. पण चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांच्या कौशल्याला मागणी होती. त्या कौशल्याची पुरती किंमत देण्याची तयारी मात्र कोणाचीच नव्हती.

मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि रेल्वेत नोकरी करू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघेही होते. वंगभंगाच्या चळवळीच्या त्या दिवसांत हा विजय देशभर गाजला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली; २३ पैकी १५ सामने त्याने गमावले. त्या पडझडीत बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीचे होते आणि खांदा दुखावलेला होता. प्रथम दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी मिळविले, तेही सरासरी सुमारे पंधरा धावांत एक या हिशेबाने.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. रामचंद्र गुहा यांच्या संशोधनानुसार त्या प्रसंगीच्या मानपत्रामागे एका महाविद्यालयीन तरुणाचा हात होता. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. ज्या समाजाला पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजातील एक माणूस इंग्लंडच्या मैदानांवर देशाचे नाव राखून आला होता. त्या पिढीच्या दृष्टीने बाळू पालवणकर हे स्वाभिमानाचे पहिले सार्वजनिक नाव होते.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. त्यांच्यापेक्षा अनुभवाने आणि गुणवत्तेने कमी असलेल्यांना ते मिळत गेले. १९२० साली पालवणकर बंधूंनी संघाबाहेर राहून आपला निषेध नोंदविला, तेव्हा कोठे अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याने मिळविले. परंतु थोरल्याची बाकी त्यामुळे चुकती झाली असे म्हणता येत नाही.

पुढे बाळू आणि डॉ. आंबेडकर यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण त्यांमागचे विचार भिन्न होते. बाळूंना हिंदू समाजाच्या अंतर्गत सुधारणेवर आणि गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणावर भरवसा वाटत होता. १९३५ साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. ज्या समाजाने आपल्याला तंबूबाहेर चहा पाजला त्याच समाजात आपल्या खेळाच्या बळावर आपण थोडीफार जागा मिळविली, हा बाळूंचा अनुभव होता. एखाददुसऱ्या गुणवंताला मिळालेली अशी जागा म्हणजे समाजाला मिळालेला हक्क नव्हे, ही डॉ. आंबेडकरांची भूमिका होती. दोघांचेही निष्कर्ष आपापल्या आयुष्यातून आलेले होते.

या पार्श्वभूमीवर १९३७ चा सामना पाहिला पाहिजे. स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. काँग्रेससारख्या बलाढ्य संघटनेला डॉ. आंबेडकरांच्या विरोधात त्यांच्याच कर्मभूमीत उभे करण्यासाठी मैदान सोडून पंधरा-सोळा वर्षे झालेला एक खेळाडू निवडावा लागला, यातच त्या खेळाडूच्या नावाचे वजन दिसते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर यंत्राला घसारा लागतो, तसा खेळाडूच्या खांद्यालाही लागतो. पण लौकिकाला तोच दर लावता येत नाही. मुष्टियुद्धात लुईच्या वयाचा थेट लाभ मार्सियानोला मिळाला. मतपेटीत बाळूंचे वय हे न्यून नव्हते. उलट जुन्या पिढीच्या कृतज्ञतेचे ते व्याजच होते. त्यामुळे थकलेल्या प्रतिस्पर्ध्यावर मिळविलेला सोपा विजय असे या निकालाचे वर्णन करणे चूक ठरेल. अवघ्या २,०२० मतांचे अंतरही तेच सांगते.

याउलट, हा निकाल म्हणजे बाळूंच्या आयुष्यावरील लोकांचा निवाडा होता असे समजणेही तितकेच चूक. मताधिकार तेव्हा मिळकत, घरभाडे, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या असंख्य हातांना मतच नव्हते. पुणे करारानुसार मतदारसंघ संयुक्त असल्याने राखीव जागेचा निर्णय सवर्ण मतदारांच्या मतांनीही होत होता. पालवणकरांच्या ११,२२५ मतांत क्रिकेटवीराची किती आणि काँग्रेसची किती, याचा हिशेब कोणाला मांडता येणार नाही. लुईला कर्जाने रिंगणात आणले होते, पालवणकरांना एका पक्षाच्या गरजेने आणले. ज्या समाजाने ऐन उमेदीत त्यांना कर्णधार केले नाही, त्या समाजाच्या धुरीणांना उतारवयात त्यांचे नाव उपयोगी वाटले, आणि तेही त्यांच्याच बांधवांच्या नेत्याविरुद्ध. या प्रकरणातील खरे शल्य हे आहे.

काळाने पुढे विजेत्यावरही तोच प्रसंग आणला. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत, १९५२ साली, मुंबई शहर उत्तर मतदारसंघात डॉ. आंबेडकरांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरविले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेव्हा साठ वर्षांचे होते आणि त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. त्या विजयाने काजरोळकर मोठे झाले नाहीत आणि त्या पराभवाने डॉ. आंबेडकर लहान झाले नाहीत, हे आज सर्वांना मान्य आहे. पालवणकरांच्या बाबतीत तो न्याय अद्याप लावला गेलेला नाही.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निवर्तले, डॉ. आंबेडकर त्यानंतर दीड वर्षाच्या आत गेले. एकाने जे दार खेळाच्या बळावर किलकिले केले, ते कायद्याने उघडण्याचे काम दुसऱ्याने केले. १९३७ च्या विजयाचे मोल डॉ. आंबेडकरांनी विधानसभेत केलेल्या कामावरून ठरवावे, आणि पालवणकरांचे मोल त्यांच्या ११४ बळींवरून व त्यांना न मिळालेल्या कर्णधारपदावरून ठरवावे. दोन हजार वीस मतांच्या फरकात या दोन्ही गोष्टी मावत नाहीत.