रेव्हरंड गिल्बर्ट व्हाइट व त्यांची रोजनिशी

यंदा गांधीलमाशा फार झाल्या, पूर्वीं इतक्या नव्हत्या; आमच्या लहानपणीं काजवे किती दिसत, आतां ते कोठें गेले कोण जाणे; अशा प्रकारचें बोलणें आपल्या घरोघरीं ऐकूं येतें. परंतु 'पूर्वीं' म्हणजे कोणत्या सालीं आणि 'फार' म्हणजे किती, असें कोणी विचारल्यास बोलणारा बहुधा निरुत्तर होतो. मनुष्याच्या स्मरणशक्तीवर अशा बाबतींत भरंवसा ठेवितां येत नाहीं. ज्या वर्षीं कांहीं विशेष घडलें तें वर्ष तिला आठवतें. ज्या वर्षीं कांहींच घडलें नाहीं तें ती विसरून जाते. ह्या उणिवेवर एका खेड्यांतील पाद्रीसाहेबांनीं अगदीं साधा उपाय योजिला. जें रोज पाहिलें तें रोज लिहून ठेवावें, हाच तो उपाय. ह्या पाद्रीसाहेबांचें नांव गिल्बर्ट व्हाइट. त्यांचें अल्प चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

इंग्लंड देशाच्या दक्षिणेस हॅम्पशायर प्रांतांत सेल्बोर्न नांवाचें एक खेडें आहे. गांवाच्या पाठीशीं खडूच्या दगडाची उंच टेकडी असून तिचा उतार बीच वृक्षांच्या दाट रानानें झांकलेला आहे. व्हाइट यांचे आजोबा ह्या गांवचे मुख्य पाद्री होते व त्यांच्याच घरीं १८ जुलै १७२० रोजीं आमच्या चरित्रनायकांचा जन्म झाला. बेसिंगस्टोक येथें शिक्षण झाल्यावर ते ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजांत गेले. १७४३ सालीं त्यांस बी. ए. ची पदवी मिळाली, पुढच्याच वर्षीं ते त्या कॉलेजाचे फेलो झाले आणि १७४९ सालीं त्यांनीं पाद्रीपदाची पूर्ण दीक्षा घेतली. सेल्बोर्नच्या मुख्य पाद्र्याची नेमणूक करण्याचा हक्क ऑक्सफर्डच्याच दुसऱ्या एका कॉलेजाकडे होता. त्यामुळें जन्मगांवची ती जागा त्यांस कधींहि मिळाली नाहीं. सहायक पाद्री म्हणून त्यांनीं आसपासच्या गांवीं व अखेरीस सेल्बोर्न येथें सेवा केली. त्यांनीं लग्न केलें नाहीं, कीं कीर्तीसाठीं दूरदेशीं प्रवासहि केला नाहीं. ज्या वाटांनीं ते लहानपणीं हिंडले त्याच वाटांनीं ते म्हातारपणींहि हिंडत असत. त्यांच्या थोरवीचें मूळ ह्यांतच आहे. कारण एकच ठिकाण वर्षानुवर्षें पाहिल्यावांचून एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशीं तुलना करितां येत नाहीं.

१७५१ सालीं त्यांनीं आपल्या बागेची टिपणवही सुरू केली. कोणतें बीं केव्हां पेरिलें, काकड्या व खरबुजें कशीं आलीं, हें तींत असे. पुढें डेन्स बॅरिंग्टन नांवाच्या विद्वान् गृहस्थांनीं छापील रकाने असलेली एक वही त्यांस पाठविली व १७६८ सालापासून ते तशा वहींत लिहूं लागले. हवेची उष्णता, हवेचा दाब, वारा व पाऊस. कोणत्या झाडास पालवी केव्हां फुटली. कोणता पक्षी अथवा कीटक प्रथम केव्हां दिसला आणि केव्हां दिसेनासा झाला. ह्या सर्वांची नोंद ते करीत असत. हा क्रम त्यांनीं सुमारें पंचवीस वर्षें चालविला.

ह्या नोंदींचें मोल कशांत आहे, तें एका उदाहरणावरून कळून येईल. १७८३ चा उन्हाळा मोठा विलक्षण होता. २३ जूनपासून २० जुलैपर्यंत एक चमत्कारिक धुरकटपणा सर्व प्रदेशावर पसरला होता. भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्राप्रमाणें फिकट दिसे. उकाडा इतका होता कीं, कापलेलें मांस दुसऱ्या दिवशीं खाण्यालायक रहात नसे. आणि वाटांवर माशा इतक्या माजल्या कीं, त्यांच्या त्रासानें घोडे वेडेपिसे होत. आइसलंडमधील लाकी येथें त्याच वर्षीं ८ जून रोजीं ज्वालामुखीचा स्फोट सुरू झाला होता व त्याचाच हा धूर होता, हें आतां आपणांस ठाऊक आहे. व्हाइट यांस तें कळण्यास मार्ग नव्हता. त्याच उन्हाळ्यांत त्यांच्या बागेवर गांधीलमाशांची धाड आली. फळें पिकण्याच्या बेतांत आलीं कीं माशा त्यांवर तुटून पडत. तेव्हां त्यांनीं गांवच्या मुलांस पोळीं काढावयास लाविलें, काटक्यांस चिकट पदार्थ फासून हजारों माशा धरिल्या, आणि तेव्हांपासून दरवर्षीं वसंत ऋतूंत मोठ्या माद्या मुलांकडून मारविण्याचा परिपाठ ठेविला.

दुसरा कोणी असता तर त्यानें उष्ण उन्हाळ्यामुळें गांधीलमाशा वाढतात असा सिद्धान्त तत्काळ ठोकून दिला असता. पण व्हाइट यांच्या वहींत १७८१ सालाचीहि नोंद होती. तो उन्हाळाहि असाच कडक व कोरडा होता. आणि त्या वर्षीं बागेंत एकहि गांधीलमाशी नव्हती! फळें निर्विघ्नपणें पिकलीं, त्या वर्षाची आठवण कोण ठेवितो? परंतु वहीनें ती ठेविली. म्हणून व्हाइट यांनीं एवढेंच अनुमान काढिलें कीं, उष्ण उन्हाळ्यावांचून ह्या माशा माजत नाहींत हें खरें, तरी प्रत्येक उष्ण उन्हाळ्यांत त्या माजतातच असें नाहीं. ह्यापुढचें कारण त्यांनीं कल्पनेनें भरून काढिलें नाहीं. हिवाळ्यांतून केवळ राणीमाशीच जिवंत राहते, वसंत ऋतूंत ती एकटीच नवें पोळें आरंभिते, आणि त्या दिवसांतील हवेवरहि पुढील उन्हाळ्यांतील माशांची संख्या अवलंबून असते, असें आतां आपणांस माहीत आहे. गांधीलमाशा पिकांवरील अळ्या मारून खातात व त्यामुळें उपकारकहि ठरतात, हेंहि आज आपण जाणतों. तेव्हां मुलांस त्या सरसकट मारावयास लावणें आज कोणी योग्य म्हणणार नाहीं.

कॉकचेफर नांवाचे तपकिरी भुंगेरे तीन-चार वर्षांतून एकदांच विपुल होतात व त्या वेळीं ओक झाडांचीं रानेंच्या रानें पर्णहीन करितात, हेंहि त्यांनीं नोंदून ठेविलें. आपल्याकडील शेतकरी ज्या अळीस हुमणी म्हणतात, तिच्याच कुळांतील हा कीटक होय. ह्याची अळी त्या थंड देशांत तीन-चार वर्षें जमिनीखालीं मुळें खात राहते व मगच तिचा भुंगेरा होतो. म्हणजे व्हाइट यांनीं जें अंतर वर्षें मोजून टिपिलें, त्याचें कारण मातीखालीं दडलेलें होतें.

कित्येकदां कारण गांवाबाहेरहि असतें. १ ऑगस्ट १७८५ रोजीं दुपारीं तीनच्या सुमारास सेल्बोर्नवर आकाशांतून माव्याचा अक्षरशः पाऊस पडला. रस्त्यानें चालणारांचीं अंगें त्या किड्यांनीं भरून गेलीं, कुंपणें व भाजीपाला काळा पडला, आणि कांद्यांच्या पातींवर तर त्यांचे थर सहा दिवस होते. वारा पूर्वेकडचा होता. त्यावरून केंट व ससेक्स ह्या प्रांतांतील हॉप वेलींच्या मळ्यांतून हे किडे आले असावेत, असा त्यांनीं तर्क केला.

कीटकांविषयीं त्यांस दयाहि होती. रानांतील रातकिडे पाहण्याकरितां बिळें खणल्यास ते चिरडतात, म्हणून ते गवताची एक लवचिक काडी हळूच आंत सारीत व किडा आपण होऊन बाहेर येई. एकदां त्यांनीं कांहीं रातकिडे आणून बागेंतील उतारावर बिळें करून ठेविले. ते कांहीं दिवस तेथें गाइले, पण रोज सकाळीं त्यांचा आवाज अधिकाधिक दुरून येऊं लागला व शेवटीं ते निघून गेले. हाच रातकिडा १९९० च्या सुमारास इंग्लंडांत जवळजवळ नाहींसा होऊन ससेक्समधील एकाच ठिकाणीं उरला होता. पुढें त्यास मुद्दाम वाढवून पुन्हां रानांत सोडण्यांत आलें.

व्हाइट यांच्या हातून चुकाहि झाल्या. कांहीं पाकोळ्या हिवाळ्यांत परदेशीं न जातां तेथेंच कोठें दडून राहत असाव्यात, ही समजूत त्यांच्या मनांतून अखेरपर्यंत गेली नाहीं. मात्र शोध करूनहि दडलेल्या पाकोळ्या सांपडल्या नाहींत, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें लिहून ठेविलें.

मित्रांस लिहिलेल्या पत्रांचा त्यांचा ग्रंथ 'सेल्बोर्नचा निसर्गेतिहास' १७८९ सालचा म्हणून प्रसिद्ध झाला. तो त्यांचे बंधु बेंजामिन यांनींच लंडन येथें छापून काढिला. २६ जून १७९३ रोजीं व्हाइट यांचें देहावसान झालें. त्यांच्या रोजनिशींतील नोंदी त्याच महिन्याच्या मध्यापर्यंत आहेत. सेल्बोर्नच्या देवळाशेजारीं त्यांच्या थडग्यावर एक साधा दगड असून त्यावर नांवाचीं दोन आद्याक्षरें व मृत्यूचा दिवस एवढेंच कोरलें आहे. त्यांच्या वह्या मात्र लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत जतन केल्या आहेत.

आमच्या काळांत ह्या गोष्टीचें महत्त्व वाढलें आहे. जर्मनींतील क्रेफेल्ड शहराच्या कीटकप्रेमी मंडळींनीं १९८९ पासून २०१६ पर्यंत ६३ संरक्षित ठिकाणीं उडत्या कीटकांचें वजन एकाच पद्धतीनें मोजलें, तेव्हां तें तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्याचें आढळून आलें. त्यांनीं मोजिलें नसतें, तर पूर्वीं कीटक फार होते, एवढेंच कोणी वृद्ध गृहस्थ म्हणाले असते व तरुणांनीं तें हंसण्यावारी नेलें असतें.

विद्यार्थी मित्रांनो, व्हाइट यांचें हें काम करण्यास द्रव्य लागत नाहीं, कीं मोठी विद्वत्ताहि लागत नाहीं. एक वही घ्या. रोज एकाच दिव्याखालीं, एकाच वेळीं, किती व कोणते पतंग आले तें तारखेसह लिहा. पालकांनींहि ह्या छंदास खुळ म्हणूं नये. आणि ज्या रात्रीं एकहि पतंग आला नाहीं, त्या रात्रीं वही मिटून ठेवूं नका. तेथें शून्य मांडा. सेल्बोर्नच्या पाद्रीसाहेबांनीं १७८१ सालीं तें शून्य मांडिलें नसतें, तर १७८३ सालीं त्यांची फसगत झाली असती.