केबलचा खर्च वाचवायला निघालेल्या इंजिनिअरमुळे गाण्यांना रोबोटचा आवाज मिळाला

रील स्क्रोल करताना एखादं गाणं कानावर पडतं. शब्द माणसाचे असतात, पण आवाज सिंथेसायझरमधून आल्यासारखा वाटतो. खाली कुणीतरी ऑटोट्यून अशी कमेंट टाकून मोकळं होतं.

पण कित्येकदा ते ऑटोट्यून नसतंच, व्होकोडर असतो. ऑटोट्यून चुकलेला सूर जागेवर आणतो. व्होकोडर मात्र तुमच्या बोलण्यातले शब्द काढून घेतो आणि ते दुसऱ्याच आवाजावर चढवतो. आज हा खेळ लॅपटॉपवर फुकटातही करता येतो. ज्या माणसाने तो शोधला, तो गायकही नव्हता आणि संगीतकारही नव्हता. त्याला फक्त टेलिफोन कंपनीचा खर्च वाचवायचा होता.

त्याचं नाव होमर डडली.

डडलीचा जन्म 1896 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात झाला. वडील धर्मोपदेशक होते. पुढे कुटुंब पेनसिल्व्हेनियात आलं. शाळा संपल्यावर डडली मास्तर झाला, पण वर्गातली पोरं काही त्याला आवरेनात. शेवटी मास्तरकीचा नाद सोडून त्याने काम करत करत पेन स्टेटमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि टेलिफोनच्या धंद्यात शिरला. बेल लॅब्ज ही तेव्हाची नावाजलेली प्रयोगशाळा. त्याची जवळपास सगळी नोकरी तिथेच गेली.

अडचण काय होती?

1927 मध्ये न्यूयॉर्क ते लंडन टेलिफोन सेवा सुरू झाली, पण ती रेडिओवरून. तीन मिनिटांना 75 डॉलर पडायचे. समुद्राखाली केबल होत्या, पण त्या तारेच्या. तारेची कट्कट् त्यातून जायची, माणसाचं बोलणं जात नव्हतं. टेलिफोनवरच्या बोलण्याला साधारण 3000 हर्ट्झची रुंदी लागायची आणि या केबलची क्षमता त्याच्या जवळपासही नव्हती.

1928 च्या सुमारास डडलीच्या डोक्यात एक प्रश्न आला. बोलण्यातलं सगळंच पाठवायची खरंच गरज आहे का?

हे स्वतः करून बघा. गळ्यावर बोट ठेवून 'आ' म्हणा आणि न थांबता 'ई' वर या. गळ्यातली थरथर तीच राहते, बदलतो तो फक्त तोंडाचा आकार. आता 'म' म्हणा, मग नुसता 'स्स्स' करा. 'म' ला थरथर जाणवते, 'स' ला गळा गप्प असतो. शाळेच्या व्याकरणात शिकलेली मृदू आणि कठोर व्यंजनं आठवत असतील, तर 'ग' आणि 'क' मधला फरकही याच थरथरीचा आहे.

डडलीने नेमकं हेच पकडलं. गळ्याची गुणगुण वेगाने थरथरते, पण ती कच्चा माल आहे. शब्द घडवतात ते जीभ, ओठ आणि जबडा, आणि ते त्या मानाने फारच सावकाश हलतात. मग आवाज कशाला पाठवायचा? तोंडाच्या हालचालींची माहिती पाठवू आणि पलीकडे यंत्राने नवा आवाज तयार करू.

त्याच्या यंत्राने आवाजाच्या दहा पट्ट्या केल्या, खर्जापासून टिपेपर्यंत. प्रत्येक पट्टीत या क्षणी किती जोर आहे एवढंच मोजायचं. गळा थरथरतोय की नाही आणि सूर कोणता, हे वेगळं कळवायचं. पलीकडच्या यंत्रात एक गुणगुण आणि एक फुसफुस तयार असायची. आलेल्या मापांनुसार ती दहा पट्ट्यांमधून कमीजास्त सोडली की शब्द ऐकू यायचे. 3000 हर्ट्झचं काम साधारण 300 मध्ये होऊ लागलं. यंत्राचं नाव पडलं व्होकोडर. 1939 मध्ये त्याला पेटंटही मिळालं.

पेटीसारखं वाजवायचं बोलणं

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी त्याचं भावंड पाहिलं, व्होडर. यात माणूस बोलतच नव्हता. टेबलाशी बसलेली मुलगी दहा बोटांनी दहा पट्ट्यांच्या कळा दाबायची, मनगटाखालच्या दांडीने गुणगुण की फुसफुस ते ठरवायची आणि पायाच्या पेडलने सूर वरखाली करायची. यंत्र चक्क वाक्यं बोलायचं.

हे सोपं नव्हतं. टेलिफोन ऑपरेटर मुलींमधून निवडून घेतलेल्या मोजक्याच जणींना ते जमलं आणि त्यासाठी साधारण वर्षभर सराव लागला. शब्द कळायचे, पण बोलणारं कोण आहे हे कळायचं नाही. डडलीच्या यंत्राची ही खोट शेवटपर्यंत सुटली नाही. शब्द पोचायचे, माणूस मागे राहायचा.

युद्धात मात्र चालून गेलं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला आणि ब्रिटनला चोरून ऐकता येणार नाही असा टेलिफोन हवा होता. व्होकोडरने बोलण्याची मोजमापं केलेलीच होती, ती आकड्यांत बदलून त्यावर कुलूप लावणं सोपं होतं. त्यातून सिगसॅली ही यंत्रणा उभी राहिली. वजन सुमारे 55 टन! कुलपासाठी दोन्ही टोकांना नुसत्या खरखराटाच्या एकसारख्या तबकड्या एकाच वेळी वाजायच्या आणि वापर झाला की नष्ट केल्या जायच्या. 1943 च्या सुरुवातीला ब्रिटनकडून तपासणीसाठी आलेला गणितज्ञ होता अ‍ॅलन ट्युरिंग. त्याच वर्षी जुलैमध्ये पेंटॅगॉन आणि लंडन जोडले गेले. लंडनचं यंत्र सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात होतं.

हे सगळं 1976 पर्यंत गुपित राहिलं. म्हणजे डडलीच्या शोधाचं सगळ्यात मोठं काम तीस वर्षं जगाला माहीतच नव्हतं. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला होता ते? 1956 मध्ये अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल गेली, पण व्होकोडर न वापरता.

खोट होती, तीच कला झाली

1940 च्या दशकाच्या शेवटी डडलीने जर्मनीतल्या बॉन इथे व्हर्नर मायर-एप्लर या ध्वनिशास्त्रज्ञाला व्होकोडर दाखवला. पुढे कोलोनच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओमागे जे होते, त्यांतला हा एक. 1970 मध्ये वेंडी कार्लोस आणि रॉबर्ट मूग यांनी संगीतासाठी व्होकोडर बनवला आणि 1971 च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' सिनेमात तो ऐकू आला. 1974 मध्ये क्राफ्टवर्कचा 'ऑटोबान' आला. टेलिफोनवाल्यांना नको असलेला तो निर्जीव आवाज संगीतवाल्यांना हवाहवासा वाटला.

मग आज सॉफ्टवेअर घेताना काय बघायचं?

व्होकोडर लावूनही शब्द कळावेत आणि माणूस जाणवावा असं वाटत असेल, तर डडलीला ज्याने छळलं तेच तपासा.

पट्ट्या किती? टाल-व्होकोडर फुकट आहे, त्यात 11 आहेत आणि आवाज जुन्या यंत्रांसारखा येतो. लॉजिकच्या इव्हॉक 20 मध्ये 20 पर्यंत, एबलटनच्या व्होकोडरमध्ये 4 ते 40. पट्ट्या वाढल्या की शब्द स्पष्ट होतात, कमी केल्या की रोबोट.

'स', 'श', 'ट', 'क' साठी वेगळी सोय आहे का? बहुतेक ठिकाणी याला अनव्हॉइस्ड म्हणतात. ही फुसफुस नसेल तर गाणारा बोबडा वाटतो.

अटॅक आणि रिलीज हाताने बदलता येतात का? फार संथ ठेवले तर शब्द एकमेकांत मिसळतात, फार जलद ठेवले तर आवाज खरखरतो.

खाली कोणता आवाज देताय? साध्या साइन वेव्हमध्ये पट्ट्या भरायला मालच नसतो. सॉ वेव्हसारखा भरलेला आवाज घ्या आणि मूळ गाण्याचा आवाज थोडासा त्यात मिसळा.

आणि नावाला फसू नका. फेज व्होकोडर हे वेगळं तंत्र आहे, गाण्याचा वेग किंवा सूर बदलायला वापरतात. तुम्हाला फक्त जोडआवाज हवे असतील तर हार्मोनायझर घ्या.

डडली 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि 1980 साली वारला. त्याच बेल लॅब्जमध्ये कानपूरला जन्मलेल्या बिष्णू अटल यांनी बोलणं कमी जागेत बसवण्याची नवी गणितं मांडली आणि मोबाइलवरचं बोलणं त्या वाटेने आलं. गळा वेगळा आणि तोंड वेगळं, हा डडलीचा विचार त्यातही आहे. फरक एवढाच, की आता पलीकडून हॅलो ऐकलं की आई बोलतेय हे लगेच कळतं.