लक्ष्मीबाई टिळक यांची क्षमा

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावांत धुऱ्याच्या वादावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, आणि पुढे पेरणीच्या निकडीने किंवा लेकीच्या लग्नानिमित्त पुन्हा त्याच्या दारी जातो. तरीही मनातील सल जात नाही. मग त्यास वाटते की, ज्या अर्थी आपण विसरलो नाही त्या अर्थी आपण खरी क्षमा केलीच नाही. अशा मनुष्याने कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र अवश्य ध्यानात घ्यावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म इ. स. १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले यांच्या घराण्यात झाला. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक प्रतिभावान कवी होते, अंतःकरणाने उदार होते. परंतु तितकेच तापट व लहरी होते. कोणास न सांगता घर सोडून जावे, मिळेल ते देऊन टाकावे, आणि संसाराचा भार पत्नीने वाहावा, असे अनेकदा घडे.

इ. स. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. त्याच्या वाचनाने त्यांचे मन पालटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या जीवनातील हा आनंदाचा दिवस. परंतु लक्ष्मीबाईंवर मात्र आकाश कोसळले. पती जिवंत, पण समाजाच्या दृष्टीने तो जातीबाहेर. स्वतः सधवा, पण संसार मोडलेला. पदरी लहानगा दत्तू. शोकाने त्यांची प्रकृती ढासळली. सुमारे चार-पाच वर्षे त्यांनी आप्तेष्टांच्या आश्रयाने काढली. टिळकांची पत्रे येत राहिली.

अखेरीस त्या पतीकडे परतल्या. त्यांचा राग एका रात्रीत गेला नव्हता, आणि पतीचा धर्मही त्यांस पटला नव्हता. आपले सोवळे सांभाळून त्या अहमदनगरकडे राहू लागल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. ज्याने दुखविले त्याने येथे धीराने वाट पाहिली. पुढे राहुरी येथे जातिभेद मनुष्यांनी निर्माण केला आहे अशी त्यांची खात्री झाली, आणि इ. स. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचकांनी हा क्रम लक्षात ठेवावा: पतीकडे परतणे आधी झाले, बाप्तिस्मा नंतर. पतीवरील माया, मुलाची काळजी व टिळकांचा धीर ही साधीच कारणे त्यांस परत घेऊन आली. देव अशा साध्या कारणांचाही उपयोग करून घेतो.

टिळकांचा स्वभाव पुढेही समूळ पालटला नाही. म्हणून लक्ष्मीबाईंस क्षमा वारंवार करावी लागली. पेत्राने प्रभूला किती वेळा क्षमा करावी असे विचारले होते. संसारी मनुष्यास त्या उत्तराचा अर्थ चुलीपाशी कळतो.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. शाळेचे शिक्षण नसताही त्यांनी स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र रचले. ते १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी पतीचा एकही दोष झाकला नाही, आणि आपलेही हट्ट सांगितले. सर्व काही स्मरणात आहे, पण विष उरलेले नाही. जेथे रडावयाचे तेथे त्या वाचकास हसवितात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

यावरून आपण हे शिकावे की, क्षमा करणाऱ्याने अन्यायास न्याय म्हणण्याचे कारण नाही, आणि आठवण राहिली म्हणून खिन्न होण्याचेही कारण नाही. झालेली गोष्ट सांगताना सूडाची इच्छा मनात उठेनाशी झाली, म्हणजे क्षमेने मूळ धरले असे समजावे. आणि ज्याच्या हातून अपराध घडला असेल, त्याने क्षमा हक्काने मागू नये. टिळकांप्रमाणे दार उघडे ठेवून वाट पाहावी.