चढावरच कळते खोट

बाह्यरुग्ण विभागात पन्नाशी ओलांडलेला रुग्ण समोर बसला, की मी एक प्रश्न हमखास विचारतो : जिना चढताना काय होते? बसल्या जागी नाडी, रक्तदाब, ईसीजी सारे ठाकठीक असू शकते. खोट असलीच तर ती चढावर उघडी पडते. यंत्रांचेही असेच आहे. मोटारगाडीच्या बाबतीत हे ज्या बाईने स्वतःच्या अंगमेहनतीने शोधले, तिची आज ओळख करून घेऊ.

बेर्था रिंगर हिचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम या गावी झाला. वडील सुतारकाम आणि बांधकामात पैसा मिळवलेले गृहस्थ. मुलीला यंत्रांचे कुतूहल होते. पण त्या काळी तिथल्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. कार्ल बेंझ या कफल्लक तरुण इंजिनीयरशी तिचे लग्न ठरले. त्याचा मानहाइममधील कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला, तेव्हा बेर्थाने आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. १८७२ मध्ये लग्न झाले. पुढची अनेक वर्षे ओढगस्तीची गेली.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने इंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीसाठी पेटंटचा अर्ज केला. पेटंट बेंझ अँड कंपनीच्या नावावर झाले; बेर्थाचे नाव त्यावर नव्हते. गाडी तयार होती, गिऱ्हाईक मात्र नव्हते. घोड्याविना धावणारे, फटफट आवाज करणारे हे धूड दूरवर जाऊ शकेल, यावर लोकांचा विश्वास नव्हता. कार्ल स्वभावाने संकोची. सुधारणा करीत कारखान्यातच रमणारा.

ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे ३९ वर्षांच्या बेर्थाने निर्णय घेतला. नवरा झोपेत असताना १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिखार्ड या दोन मुलांना घेऊन ती गाडीसह बाहेर पडली. सांगायला कारण माहेरी जाण्याचे. खरा हेतू गाडी लांब पल्ला गाठते हे जगाला दाखवण्याचा. मानहाइम ते फोर्त्सहाइम हे अंतर १०० किलोमीटरच्या आसपास. रस्ते बैलगाड्या आणि घोडागाड्यांचे. पेट्रोल पंप ही गोष्टच अस्तित्वात नव्हती.

इंधन संपत आले, तेव्हा तिने वीसलोख गावातले औषधाचे दुकान गाठले. गाडी लिग्रोइन या पेट्रोलसारख्या द्रवावर चाले आणि ते डाग काढण्यासाठी औषधविक्रेत्याकडे मिळत असे. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून आज या दुकानाचा उल्लेख होतो.

वाटेत इंजिनाने मान टाकली, तेव्हा बेर्थाने जे केले ते आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. इंजिनाला ताकद का मिळत नाही? इंधन पोचते का, ठिणगी पडते का, एकेक कारण पाहायचे. इंधनाची नळी कचऱ्याने तुंबली होती. तिने टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले होते. तिने पायमोजे आवळण्याचा पट्टा त्यावर गुंडाळला. इंजिन पुन्हा नीट चालू लागले.

तरीही चढ आला की गाडी अडायची. आता इंधन ठीक, ठिणगी ठीक, आणि सपाटीवर काहीच तक्रार नाही. मग रोग कुठे? दर १० मीटरला १ मीटर चढ असेल, तर गाडी वर नेण्यासाठी तिच्या वजनाच्या सुमारे एकदशांश इतके बळ जास्तीचे लागते. जेमतेम अडीच अश्वशक्तीच्या इंजिनाकडून ते चाकांपर्यंत पोचत नव्हते. गाडीला वेग दोनच होते आणि त्यातला कमी वेगही चढासाठी जास्तच होता. मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली. उतारावर वेगळे संकट : लाकडी ब्रेक झिजले. बेर्थाने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले.

अंधार पडल्यावर ते तिघे फोर्त्सहाइमला पोचले. तिथून कार्लला सुखरूप पोचल्याची तार गेली. काही दिवसांनी ती गाडीनेच परतली, आणि सोबत रोगनिदानही घेऊन आली : चढासाठी आणखी एक कमी वेगाचा गियर हवा. कार्लने तो बसवला. इंजिनाची ताकद वाढली नाही. पण वेग कमी केला की तेवढ्याच ताकदीत चाकांना जास्त जोर मिळतो. घाटात आपण गियर खाली घेतो, तेव्हा हेच तत्त्व वापरतो.

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले आणि पुढे विक्रीही वाढली. कार्ल १९२९ मध्ये वारला. त्यानेही आपल्या आठवणींत पत्नीचे ऋण मान्य केले. ज्या कार्ल्सरूह येथील संस्थेत तो शिकला होता, तिने बेर्थाला मानद सिनेटरपद दिले ते तिच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, ३ मे १९४४ रोजी. दोनच दिवसांनी तिचे निधन झाले.

आता पुन्हा आपल्या जिन्याकडे. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. जोराच्या श्रमात ते याच्या तिप्पट-चौपट काम करते. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, हिमोग्लोबिन घटले असेल किंवा फुप्फुस आजारी असेल, तर कमतरता बहुधा आधी चढावर जाणवते. म्हणूनच ट्रेडमिल चाचणीत आम्ही पट्ट्याचा वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवत नेतो.

अनेक रुग्ण, विशेषतः घरातल्या बायका, दम लागतो म्हणून जिना टाळतात आणि वय झाले असे म्हणून गप्प बसतात. म्हणजे चढच टाळायचा आणि गाडी ठीक आहे असे मानायचे. कालपर्यंत सहज चढत असलेल्या पायऱ्यांवर आज थांबावे लागत असेल, छातीत दडपण येत असेल, तर तपासून घ्या. छातीतले दडपण बसल्या जागीही राहत असेल, तर तपासणीची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा. बेर्थाची गाडी ढकलायला दोन मुले होती. हृदयाला मागून ढकलणारे कुणी नसते.