पटावरचा इंजिनिअर : मिखाईल बोटविनिक

बुद्धिबळाचा विश्वविजेता म्हटलं की चोवीस तास पट मांडून बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण बोटविनिक आपल्याच जातकुळीतला, पक्का इलेक्ट्रिकल इंजिनिअर!

जन्म १९११ चा, सेंट पीटर्सबर्गजवळच्या कुओक्कालाचा. बाराव्या वर्षी तो बुद्धिबळ शिकला. १९२५ साली विश्वविजेता कॅपाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळत होता, तेव्हा या १४ वर्षांच्या पोराने त्याला हरवलं. पुढे लेनिनग्राडला इंजिनिअरिंग केलं. १९४८ मध्ये विश्वविजेतेपद आणि १९५१ मध्ये डॉक्टरेट!

त्याची पद्धतही इंजिनिअरचीच. डावाच्या सुरुवातीच्या चाली घरीच तपासायच्या, नवी चाल सापडली की गुपचूप सराव सामन्यात टेस्ट करायची. सिगारेटच्या धुराचा त्रास होतो म्हणून सरावाचा जोडीदार मुद्दाम धूर सोडायचा! शिवाय आपलं विश्लेषण तो छापायचा, म्हणजे चूक असेल तर लोक दाखवतील. १९६० मध्ये २३ वर्षांच्या तालने त्याचा किताब हिसकावला. पन्नाशीला टेकलेल्या बोटविनिकने तालचे डाव कोळून प्यायले आणि १९६१ मध्ये १३-८ ने किताब परत आणला.

कॉम्प्युटरचं ओपनिंग बुक याच वाटेने तयार होतं. कळंब्याच्या रूमवर आपण विद्यापीठाचे जुने पेपर चाळतो आणि सारखा येणारा प्रश्न आधी करतो ना, तसंच. प्रोग्रॅममध्ये लाखो जुने डाव भरतात. प्रत्येक स्थितीत कोणती चाल किती वेळा जिंकली, त्यावरून तिला वजन मिळतं. नंतर प्रोग्रॅम स्वतः खेळतो. हरला तर त्या चालीचं वजन घटतं. नाहीतर एकदा हरवणारा त्याच चालींनी रोज हरवेल!

गंमत म्हणजे खुद्द बोटविनिकला असं मशीन नको होतं. माणसासारखा निवडक विचार करणारा 'पायोनियर' नावाचा प्रोग्रॅम बनवण्यात त्याने आयुष्याची बरीच वर्षं घातली. तो पूर्ण डाव खेळण्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही. ५ मे १९९५ ला बोटविनिक गेला.

दोनच वर्षांनी, ११ मे १९९७ रोजी, त्याचा शिष्य कास्पारोव्ह न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लूसमोर शेवटचा डाव खेळायला बसला. निवडला कारो-कान बचाव, गुरूनेही वापरलेला. सातव्या चालीला त्याने चुकीचं प्यादं सरकवलं आणि मशीनने ताबडतोब घोड्याचा बळी दिला. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं ते मशीन. पण ही चाल माणसांनी आधीच बुकात भरून ठेवलेली होती. १९ चालींत खेळ खल्लास! गुरूचं मशीनचं स्वप्न हरलं, पण गृहपाठाची पद्धत जिंकली, तीही त्याच्याच शिष्याविरुद्ध.

मोबाईलवर बुद्धिबळ खेळताना एक बघा. पहिल्या काही चाली तो फटाफट खेळला, तर समजा तो विचार करत नाहीये. वही उघडून बघतोय.