चवदार तळ्याचा दावा

१९२३ साली विलायतेहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईच्या हायकोर्टात वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार फारसे येत नसत. पण त्यांच्या आयुष्यातल्या एका मोठ्या दाव्यात ते स्वतःच प्रतिवादी होते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेकौन्सिलात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी बांधवांसह ओंजळीने पाणी प्राशन केले आणि त्याच दिवशी आपल्या लोकांची डोकी फुटली. सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे शुद्ध केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनेही ठराव फिरवला.

डिसेंबरात दुसरी परिषद भरायची, तोच महाडच्या कोर्टात दावा लागला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी ते न शिवण्याची जुनी वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. हजारो सत्याग्रही तुरुंगाच्या तयारीने आले होते. परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण कोर्टाचा हुकूम बाबासाहेबांनी मानला. मिरवणूक पाण्याला हात न लावता तळ्याभोवती फिरून परतली. भाकरी बांधून निघालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते किती जड गेले असेल!

महाडचा निकाल १९३१ साली आपल्या बाजूने लागला. ठाण्याच्या कोर्टाने १९३३ साली अपील फेटाळले. वादी हायकोर्टात गेले. ते अपील पडून असतानाच १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षांना तीन दिवस कमी!

या तारखा मी फळ्यावर लिहिल्या तेव्हा एका मुलीने विचारले, इतकी वर्षे बायांनी पाणी कुठून आणले? तारखांच्या यादीत हा प्रश्न कुठेच बसत नाही.

आणि निकाल तरी कशावर लागला? वहिवाट पुरातन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, यावर. माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे, यावर नव्हे. वहिवाट सिद्ध झाली असती तर?

पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, मग वहिवाट कितीही जुनी असो. आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी सर्वांत मोलाचे म्हणून दाखवले, ते कलम आज ३२ वे आहे. मूलभूत हक्क हिरावला गेला, तर त्या कलमाने थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. महाडात आपण प्रतिवादी होतो. या कलमाखाली आपण अर्जदार असतो.